भागीरथेच्या भिंती

आमची मोठीमाय भागीरथा गेली तं भेटाले आलेले सगळे एकच बोलले, "लय स्वच्छ बाई होती." होती ना. तिच्या त्या स्वच्छतेपायी एका वर्षी अख्खी गल्ली तापानं झोपली होती, हे मात्र कोणाच्या तोंडून निघालं नाई. मेलेल्या माणसाचं लोकं अर्धंच सांगतात, गोडगोड. बाकीचं घरच्याइले सांगा लागते.

भागीरथा उमरेडची. लग्न होऊन नागपूरले तांडापेठेत आली, कोष्ट्याच्या, म्हणजे विणकराच्या, घरातून कोष्ट्याच्याच घरात. पण माहेरी खळ शिजे घराच्या पार मागं, वावराच्या बाजूनं. इथं सासरी खळीचा हंडा अंगणात, चुलीच्या उशालेच म्हणा ना. खळ म्हणजे पिठाची पेज. मागावर चढवायच्या आधी ती कुंच्यानं सुताले लावा लागते, नाईतं सूत पटपट तुटते. ताजी खळ चालते, पण तिची सासू कुसुमावती म्हणे, आंबल्याशिवाय खळीले जोर येत नाई. मंग हंडा बसला आंबत. त्याच्यावर माशा. माशाइच्या मागं पाली. आन् झुरळं तं विचारूच नका, खळ लावलेलं सूत चाटाले असे येत, जसं कोणी पंगतीचं बोलावणं धाडलं.

नव्या नवरीनं आठ-पंधरा दिवस पदर नाकाले लावून काढले. मंग हिंमत केली.

"आत्याबाई, हंडा जरा तिकडं कोपऱ्यात सरकवू काय?"

"काहून वं? तुले चावते काय तो?"

"वास मारते जी."

"मारू दे. हा वास ज्या दिवशी बंद होईन ना, त्या दिवशी चूल बी बंद होईन."

नवरा रुपराव तिथंच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. त्याले नाक होतं, पण ते चेहऱ्यावर जागा रिकामी दिसू नये म्हणून. त्याले वास कधी आलाच नाई.

मंग भागीरथेनं लढाई सुरू केली. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला. माणसं खोकलत गल्लीत गेली, झुरळं घरात राहिली. खड्ड्यात घासलेट शिंपडलं, तं विणलेल्या लुगड्याले असा वास लागला का ते घेणारा दुकानदार गुलाबचंद म्हणे, "बाई, हे नेसाचं हाय का पेटवाचं?" परसात वालाच्या वेलीवर मावा पडला, तिनं तंबाखूचं पाणी शिंपडलं. मावा गेला, वेल बी गेली. मोहल्ल्यात मात्र नाव झालं, भागीरथेसारखी टापटीप कोणी नाई. बाया तिले विचारून झाडू घेत.

आता घरातली एक गोष्ट सांगा लागते, नाईतं पुढचं समजणार नाई. त्या काळात सासूसमोर नवऱ्यासंगं बोलाची सोय नव्हती. बोललं का बुढी म्हणे, "काय गुजगुज चालली?" पण रुपराव मागावर बसे आन् भागीरथा बाजूले चरख्यावर सुताच्या कांड्या भरे. माग वाजे खटखट, खटखट, आन् त्या आवाजाच्या आडून दोघं दिवसभर बोलत. बुढी ओसरीत बसून खूष, का काम जोरात चाललं. माग थांबला का बोलणं थांबे.

आन् माग दरसाल थांबे. पोळा झाला का रुपरावले हिवताप धरे. खड्ड्यात ओल, ओलीत मच्छर, मच्छराइच्या मधात रुपरावचे पाय. वेगळं काय होणार? एकदा पडला का दिवाळीपर्यंत वाकळीखाली. पंचावन्नच्या उन्हाळ्यात तो कटाळून बोलला, "यंदा ताप आला तं माग गुलाबचंदले इकतो आन् मिलमंधी लागतो. चंपतनं जागा पाहून ठेवली हाय." चंपतराव म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, मिलमंधी होता. सकाळी भोंग्यावर जाये, संध्याकाळी मुका होऊन येये.

माग गेला तं रुपराव दिवसभर मिलमंधी, आन् भागीरथा घरात सासूच्या तोंडासमोर. बोलणार कोणासंगं, हंड्यासंगं? तिनं ठरवलं, यंदा ताप घरात येऊ द्याचा नाई.

आन् नेमके पोळ्याच्या आधी मलेरियावाले आले. खाकी टोप्या, पितळी पंप. त्याइचा मुकादम शरच्चंद्र, मिशी अजून उगवाची होती पण आवाज कलेक्टरचा. भिंतीभिंतीवर डीडीटी मारली. मागाच्या खड्ड्यात मारली, देव्हाऱ्याच्या बाजूनं बी मारली.

"बाई, आता होळीपर्यंत भिंती सारवाच्या नाई, पुसाच्या नाई. समजलं?"

"समजलं जी," भागीरथा बोलली. समजलंच होतं तिले.

पंपवाले गेले. भिंती वाळल्या तं पांढरे फराटे उमटले. वास दवाखान्यावाणी. कुसुमावतीनं कमरेवर हात ठेवले.

"बाप्पा! भिंतीले खरूज झाली काय वं? परवा पोळा, बैल घेऊन लोकं दारात येतीन, ते हे पाहतीन?"

पोळ्याले न सारवलेलं घर! भागीरथेच्या जिवाले ते मच्छरापेक्षा जास्त चावलं. ती रात्रभर विचार करत पडली आन् सकाळी तिले उत्तर सापडलं. शहाण्या माणसाले सापडलं नसतं.

"आत्याबाई, तापाची गोळी गिळली का वरून दिसते काय? नाई दिसत. तरी आत काम करते का नाई? तसंच हे. औषध भिंतीच्या पोटात गेलं. आता वरून शेण लावलं तं त्याचं काय बिघडते?"

कुसुमावतीनं पहिल्यांदा सुनेकडं कौतुकानं पाहिलं. दोघीनं मिळून शेणमातीचा असा हात मारला का एक फराटा शिल्लक राहिला नाई. शेजारची वच्छला पाहून गेली. तिनं प्रेमिलेले सांगितलं. भागीरथेनं केलं म्हणजे बरोबरच असन, म्हणून दुपारपर्यंत गल्लीतल्या सगळ्या भिंतीनं गोळी गिळली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, गावातली रोगराई संगं घेऊन जाणारी ती मोठी बाहुली. भागीरथा दारात उभं राहून सगळ्यात मोठ्यानं ओरडली, "ढेकूण-मच्छर घेऊन जा गे मारबत!" मारबत गेली, जळली. मच्छराइनं मिरवणूक पाहिली आन् खड्ड्यात वापस आले.

नवरात्रात पहिले वच्छलाचा नवरा पडला, मंग प्रेमिलेचे दोन पोट्टे, मंग घराघरात वाकळी निघाल्या. एका सकाळी रुपरावच्या हातातून मागाचा धोटा खाली पडला. उचलाले वाकला तो वर आलाच नाई. चौघाइनं धरून खड्ड्यातून काढला. दात असे वाजत का मागाचा आवाज बरा.

शरच्चंद्र बोटातलं रक्त घ्याले आला. भिंतीकडं पाहिलं, नखानं खरवडलं. शेणाची खपली पडली, आत पांढरं.

"हे कोणं केलं?"

दारात जमलेल्या बायाइनं एकसाथ भागीरथेकडं बोट केलं. कालपर्यंत झाडू विचारून घेणाऱ्या.

"सरकारचं औषध तुमी शेणात गाडलं बाई. मच्छर भिंतीवर बसला का पायाले औषध लागून मरते. शेणावर बसून तो काहून मरन? आराम करन."

भागीरथेचा चेहरा उतरला, पण जीभ नाई उतरली. "मंग सरकारनं पोळ्याच्या तोंडावर कायले मारलं गा? पोळा झाल्यावर मारलं असतं तं काय पंप आटत होता?"

शरच्चंद्रनं शेणाची खपली पायानं बाजूले केली. मंग बोलला, "पुन्हा मारून देईन. पण दिवाळी हाय समोर."

"मारा. नाई सारवत दिवाळीले."

"काय म्हटलं वं?" ओसरीतून कुसुमावती.

त्याच दुपारी चंपतराव गुलाबचंदले घेऊन आला. गुलाबचंद मागाच्या लाकडाइले ठोकून पाहाले लागला, जसं बैलाचे दात पाहून राहिला. भागीरथा चरख्याजवळ बसली होती. माग बंद, घर चूप. बुढी समोर, दीर समोर, परका माणूस समोर. ती उठली आन् सरळ वाकळीकडं पाहून बोलली,

"माग इकू नका."

रुपरावनं वाकळीतून तोंड काढलं. "इतक्या मोठ्यानं काहून बोलते?"

"माग बंद हाय ना."

कोणाले काही समजलं नाई. एकट्या रुपरावले समजलं.

"पुढचा पोळा पाहा," ती बोलली. "तवा ताप आला तं मी सोता लाकडं उचलून गुलाबचंदजीले देईन."

"वहिनी, बाईमाणसानं..." चंपतरावनं तोंड उघडलं.

"चंपत," वाकळीतून आवाज आला, "गुलाबचंदजीले चहा पाज आन् पोहचवून दे."

ती दिवाळी तांडापेठेतले लोकं विसरले नाई. घरोघरी भिंती चकचकीत, आन् सगळ्यात टापटीप बाईच्या घरी पांढरे फराटे. उमरेडहून तिची सख्खी माय आली, ते पाहून बोलली, "पोरी, सासरचे शेण बी देत नाई काय?" भागीरथा दारात झाडू घेऊन बसे, झाडाले नाई, राखणीले. बुढी दोनदा शेणाची पाटी घेऊन आली, दोनदा वापस गेली. त्या रागात बुढीनं दिवाळीचे अनरसे सुनेले दाखवून दाखवून एकटीनं खाल्ले.

पुढच्या पोळ्याले मलेरियावाले पुन्हा येऊन गेले. तिनं भुई सारवली, भिंतीले हात लावला नाई. नवरात्र गेलं, दसरा गेला, रुपरावचा धोटा पडला नाई. गुलाबचंद लाकडाइची वाट पाहून थकला.

माग राहिला, म्हणजे खळ बी राहिली, हंडा बी. डीडीटीनं मच्छर मेले, झुरळाइले काही झालं नाई, उलट मोठी झाल्यावाणी दिसत. भागीरथेनं पुढं सगळी उमर त्या वासात काढली, नाकाले पदर लावून, चरख्यावर, रुपरावच्या बाजूले. माग वाजत राहे आन् पदराआड तिचे ओठ हलत राहत. काय बोलत ते दोघं, ते ओसरीतल्या कोणाले कधी आइकू आलं नाई.