बाप गेल्यावर शिकलेलं गाणं

मांजरानं पाखरांच्या पिंजऱ्याचं दार उचकटलं होतं आणि नर त्याच्या तोंडात होता. मी केरसुणी हाणली. तरी ते त्याला घेऊन भिंतीपलीकडे गेलं.

आत मादी आणि तिची महिनाभराची दोन पिल्लं उरली. एकाचा पंख सोलला होता. त्यावर मी हळद दाबली. सांगलीत दुसरं काय लावणार?

ही झेब्रा फिंच जातीची चिमुकली पाखरं माझ्या नातीची. ती पुण्यात पक्ष्यांच्या मेंदूचा अभ्यास करते. मी फोन लावला. आधी ती रडली, मग म्हणाली, "आजी, नर पिल्लू कुठलं?"

"गालावर केशरी फुटतंय ते. आता सगळंच पिवळं हाय."

"हळद लावलीस? पाखराला?"

"मग काय तुझं पुस्तक लावू?"

ती हसली आणि सांगू लागली. पिल्लू गाणं बापाकडून शिकतं. यांच्यात आई गातच नाही. जनुकं दोन्ही पिल्लांत जवळपास सारखीच. पण गाण्याची जागा वाढवणारी जनुकं नराच्या मेंदूत कामाला लागतात, मादीच्या मेंदूत गप्प राहतात. त्यातही शिकायचे दिवस मोजकेच.

"म्हणजे हळद साठवायची पेवं," मी म्हणाले. "जमिनीत माल तोच. कुठलं कवा उघडायचं, तेवढंच."

"तसंच. पण हे शिकायचं पेव एकदा मिटलं की मिटलं. आत्ता गाणारा नर मिळाला नाही तर त्याला जन्मभर धड गाता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी मिरजेला पाखरंवाल्याकडे गेले.

"गाणारा नर दे."

"आवं आज्जी, समदेच गात्यात. लगीन हाय काय घरात?"

"शिकवणी लावायचीय. आधी ऐकव."

"मी गाऊ?"

"तू नको. पाखरं मरतील."

नव्या मास्तरानं घरी येताच पिवळ्या पोराला टोचलं. मग मी मास्तराचा पिंजरा वेगळा करून शेजारी ठेवला. तो गायला लागला की पोरगं तारांना चिकटून ऐकायचं. पुढं तेही पुटपुटू लागलं, तोंडात घास धरून बोलल्यासारखं. मी रोज शिव्या घालून कौतुक करायची.

एका सकाळी त्यानं अख्खं गाणं म्हटलं. मी नातीला फोनवर ऐकवलं. ती एवढ्यानं ओरडली की मास्तर गप्प झाला. रविवारी ती येताना वाटेत साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आली आणि पिंजऱ्यासमोर बसून आम्ही दोघींनी खोकं संपवलं.

बाप गेला. मादी आणि दोन्ही पिल्लं जगली. मांजरही जगलं.