कोठीघरातल्या अक्षता

मंगल कार्यालयाच्या कोठीघराला स्वतःचा एक वास असतो. निवडून ठेवलेल्या कोथिंबिरीचा, ओल्या गोणपाटाचा, उघड्या तेलडब्यांचा, आणि चुकून तिथे येऊन पडलेल्या एखाद्या झेंडूच्या माळेचा. बाहेर वैशाखाचे ऊन मांडवाच्या कापडातून गाळले जाऊन केशरी झालेले असते, बँडवाले कर्ण्याचे तोंड नेमके बायकांच्या बाजूला वळवून उभे असतात, आणि आत मात्र जाळीच्या खिडकीतून उतरणारा उजेड पांढरा, शांत, नुकत्याच दळलेल्या पिठासारखा. लग्नाचे फोटो काढणारीने स्टेजवरचे झगमगते दिवे सोडून या उजेडाच्या प्रेमात पडावे, हे आमच्या धंद्याला शोभणारे नाही. पण पडले खरी.

काष्टीच्या बाजाराच्या रस्त्यावर आमचा छोटा स्टुडिओ आहे. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या नवऱ्याचा, सुनीलचा. शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाच्या दिवसांत ओल्या केसांना चापून तेल लावलेली मुले पासपोर्ट फोटोसाठी रांग धरतात. बाजाराच्या दिवशी एखादा शेतकरी नव्या खोंडासोबतचा फोटो मोबाईलवर ठेवायला हवा म्हणून मला थेट गुरांच्या गर्दीत घेऊन जातो, आणि त्या खोंडाची मान सरळ होईपर्यंत स्वतःचीही मान ताठ धरून उभा राहतो. बारशी होतात, डोहाळजेवणे होतात, लग्न ठरलेली जोडपी उसाच्या हिरव्या भिंतीपुढे हातात हात घालून लाजत उभी राहतात. घाईत येणाऱ्या आणि खुशीत जाणाऱ्या या माणसांवर माझा जीव आहे. त्यांच्या आयुष्यातला एक टवटवीत क्षण माझ्या हातून त्यांच्या घराच्या भिंतीवर जाऊन बसतो, याहून अधिक काही मागावे असे मला बरेच दिवस वाटलेही नव्हते.

मग एका पावसाळ्यात, लग्नसराई संपून अल्बम जुळवायला बसले असताना, एक गोष्ट लक्षात आली. अंतरपाट धरल्यापासून हार पडेपर्यंतच्या फोटोंमध्ये मुलीची आई कुठेच नव्हती. एका अल्बममध्ये नव्हती, दुसऱ्यातही नव्हती. कारण मला ठाऊक होते, या भागातल्या सगळ्यांनाच ठाऊक असते. मुलीच्या आईने मुलीचे लग्न लागताना पाहू नये, अशी जुन्या घरांतून अजून रीत आहे. माझ्या लग्नात माझी आईसुद्धा घरामागे तुळशीपाशी बसून होती. ठाऊक असलेली गोष्ट आणि दिसलेली गोष्ट यांत मात्र अंतर असते. त्या दिवशी संगणकाच्या पडद्यावर मला ती प्रथमच दिसली.

तेव्हापासून मंगलाष्टकांची पहिली ओळ कानावर आली की मी स्टेज सुनीलवर सोपवते आणि आईला शोधायला निघते. कुणी कार्यालयामागच्या कडुलिंबाखाली सापडते, कुणी बंद गाडीत कुणाचे तरी तान्हे बाळ मांडीवर घेऊन बसलेली. एक तर आचाऱ्याच्या हातातला झारा काढून घेऊन स्वतः बुंदी पाडत होती. हे फोटो कुणी मागितलेले नसतात, अल्बममध्येही ते जात नाहीत. आईची परवानगी विचारून काढायचे, आणि माझ्यापाशी ठेवायचे, इतकेच. सुनील सुरुवातीला हसायचा. आता मंगलाष्टके सुरू झाली की न सांगता माझी जागा घेतो.

विमलबाई मला भेटल्या त्या ऋतुजाच्या, त्यांच्या थोरल्या लेकीच्या लग्नाच्या निमित्ताने. नदीकडच्या वस्तीवर त्यांचे घर. नवरा गेला तेव्हा दोन्ही मुली फ्रॉकमधल्या. दीर आणि जाऊ शेजारीच राहत होती, आधाराला होती. पण गोठ्यातली गुरे, पहाटेचे दूध, उसाची पाळी आणि मुलींची शाळा हे सगळे विमलबाईंनी स्वतःच्या पाठीवर वाहिले. लग्नाचे फोटो ठरवायला आल्या तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली.

"ताई, पोरीचा रंग हाय तसाच ठिवा. त्या कम्पुटरमदी गोरी करू नगा. बापावर गेलीया ती."

इतक्या वर्षांत असे मला कुणीच म्हटले नव्हते. मी हो म्हणाले, आणि त्या बाईविषयी मनात एक ओलसर कुतूहल राहून गेले.

लग्न भर दुपारचे होते. कन्यादानाला दीर आणि जाऊ बसणार होते. विमलबाई सकाळपासून दिसत होत्या आणि दिसत नव्हत्या. पाहुण्यांना पाणी, नवरदेवाकडच्यांना चहा, भटजींना हवी ती सुपारी, सगळीकडे त्यांचा हात पोचलेला असायचा आणि तिथे पाहावे तर त्या पुढे गेलेल्या. अंतरपाट धरला गेला, माईकवर मंगलाष्टकांचा सूर लागला आणि मी निघाले. मागच्या अंगणात त्या नव्हत्या, भटारखान्यात नव्हत्या. कोठीघराचे दार अर्धवट लोटलेले होते.

तांदळाच्या पोत्यांसमोर, एका उलट्या घमेल्यावर त्या बसल्या होत्या. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. डोळे मिटलेले, ओठ मंगलाष्टकांबरोबर हलत होते आणि उजव्या मुठीत रंगीत तांदूळ घट्ट धरलेले. बाहेर 'शुभमंगल सावधान' झाले, शेकडो हातांची सळसळ झाली, आणि त्याच क्षणी विमलबाईंनी हात पार डोक्याच्या वर नेऊन समोरच्या भिंतीवर अक्षता टाकल्या. दाणे भिंतीवर आपटून पोत्यांवर टपटपले. जाळीतल्या उजेडात त्यांची तांबडी-पिवळी रेघ क्षणभर तरंगली.

माझी चाहूल लागून त्यांनी डोळे उघडले.

"आगं बया, तू हितं काय करतीस? तिकडं लगीन लागतंय की!"

"तिकडे आमचे हे आहेत, मावशी. मी तुमच्यासाठी आलेय. काढू का एक फोटो?"

त्या जराशा गोंधळल्या. रिकामा हात कपाळाकडे गेला आणि खाली आला. "आईनं बगू न्हाई म्हणत्यात. त्यात माझं हे असं. कशाला उगं पोरीच्या सुखाला नाट?" मग भिंतीकडे हनुवटी करून म्हणाल्या, "हिच्या पल्याडच उभी हाय ती. मघाशी बगून ठिवलं मी. पोचत्यात."

पुढचे कडवे संपत आले होते. त्यांनी मान हलवून मला होकार दिला, पुन्हा डोळे मिटले आणि पुन्हा हात वर गेला. मी तेव्हा फोटो काढला. एकच काढता आला, कारण नंतर मला काचेतून नीट दिसेना.

ताशे कडाडले. हार पडले असावेत. विमलबाईंनी पदराने तोंड पुसले, चपला पायांत सरकवल्या.

"फोटो कुनाला दावू नगंस. ऋतूला तर न्हाईच न्हाई. तिला वाटंल, आई रडत बसली हुती."

मी शब्द दिला. तोवर त्या नवरदेवाकडच्या पंगतीत मठ्ठा पोचला का ते बघायला निघूनही गेल्या होत्या.

श्रावणात ऋतुजा अल्बमचे फोटो निवडायला स्टुडिओत आली. सासरी रुळल्याची एक निवांत कांती तिच्या सावळ्या चेहऱ्यावर आली होती. फोटो बघताना ती हसत होती, आत्याच्या नऊवारीवर, मामाच्या फेट्यावर शेरे मारत होती. मग हळूहळू तिचे बोलणे कमी झाले. ती मागे जाऊन तेच फोटो पुन्हा पाहू लागली, प्रत्येक गर्दीचा कोपरान् कोपरा मोठा करून.

"आई कुठंच नाही," ती शेवटी म्हणाली. "मला तेव्हाही वाटलं होतं. अंतरपाट निघाला तेव्हा मी पहिल्यांदा तिलाच बघत होते. एवढ्या कामात तिला माझ्यासाठी दोन मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत का हो?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते ऐकवेना. आईने पाहू नये ही रीत तिला माहीत नसेल असे नव्हे. पण आपल्या आईने ती पाळली असेल, वर्षानुवर्षे एकटीने नांगरामागे चाललेली बाई अशा गोष्टीला भीत असेल, हे तिच्या मनाला शिवलेच नसावे. उत्तर माझ्याच संगणकात होते आणि मी शब्द देऊन बसले होते. "बघते मी," एवढेच तिला म्हटले.

त्याच आठवड्यात तो फोटो छापून मी वस्तीवर गेले. सर येऊन गेली होती आणि उन्हाने उसाची पाने धुतल्यासारखी लखलखत होती. गोठ्यातून शेणाचा, भिजल्या कडब्याचा उबदार वास येत होता. विमलबाई धार काढून उठत होत्या. जाऊ ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. ऋतुजा काय म्हणाली ते मी जसेच्या तसे सांगितले आणि फोटो पुढे केला.

विमलबाईंनी हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, मग तो घेतला. बराच वेळ पाहत राहिल्या.

"एवढी म्हातारी झाले व्हय मी?" आणि थोड्या वेळाने, "हात लई वर गेलाय की."

जाऊ शेंगा सोडून उठल्या आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहू लागल्या. त्यांचा चेहरा बदलत गेलेला मी पाहिला.

"अक्का, तुमी हितं हुता? मी पाटावर बसून समदीकडं नजर फिरवत हुते. मला वाटलं, मागं बायकांत उभ्या असताल. मला एका शब्दानं सांगायचं तरी."

"सांगून काय केलं असतंस?"

"हाताला धरून आनलं असतं," जाऊ म्हणाल्या, आणि रागावल्यासारख्या पुन्हा शेंगांकडे वळल्या.

गोठ्यात एक वासरू हंबरले. विमलबाईंनी फोटो माझ्याकडे परत दिला, पण लगेच सोडला नाही.

"दे तिला," त्या म्हणाल्या. "माझ्यावर रुसून सासरी नांदाय नगं."

अल्बममध्ये डाव्या पानावर अंतरपाट दूर होतानाचा ऋतुजाचा चेहरा ठेवला आणि उजव्या पानावर कोठीघर. ती अल्बम न्यायला आली तेव्हा त्या पानाशी थांबली. मी तिला सगळे सांगितले. वर गेलेल्या हाताकडे, हवेतल्या दाण्यांकडे कुणाचीही नजर आधी जाते. ऋतुजाने मात्र फोटोतल्या पायांवर बोट ठेवले. "किती सुजलेत हो," ती म्हणाली, आणि अल्बम छातीशी धरून बाहेर पायरीवर जाऊन बसली. आईला फोन लावला तिने. काय बोलली ते मी ऐकले नाही. दार मीच लोटून घेतले होते.

यंदा धाकट्या प्राजक्ताचे लग्न झाले. कार्यालय दुसरे होते, ऊन तेच. अंतरपाट धरला गेला आणि माझी पावले आपोआप कोठीघराकडे वळली, तर जाऊबाईंनी पाटावरून उठून मला हाक मारली, "ताई, तिकडं कोन न्हाई!" पुढच्या रांगेतल्या बायकांत, एका बाजूने ऋतुजाने दंड घट्ट धरलेला, अशा विमलबाई मान खाली घालून उभ्या होत्या. मागे कुणी वडीलधारी काही पुटपुटली. जाऊबाईंनी नुसते वळून पाहिले, आणि मंगलाष्टके सुरू झाली.

हा फोटो तरी मनासारखा यावा म्हणून मी स्टेजच्या पायरीवर चढले, भिंग त्यांच्यावर रोखून धरले, श्वास आवरला. 'सावधान' म्हटले गेले आणि सगळा मांडवच उसळला. चहूकडून हात वर आले, हातांपुढे हात, फेटे, पदर, आणि त्या सगळ्यांवरून तांदळाची दाट, रंगीत सर. विमलबाई त्यात हरवून गेल्या. मी पुन्हा पुन्हा कळ दाबत राहिले.

घरी येऊन सगळे फोटो तपासले. बांगड्यांचे हात, उघडे हात, रापलेले हात, मेंदीचे हात, एकात एक मिसळलेले. त्यांतला विमलबाईंचा कोणता, ते मला ओळखता आले नाही. अजूनही येत नाही.