सिस्टर मोनिकाची ओळ

मठाच्या प्रमुख मदर कधी स्वतः वर्गावर येत नसत. काही काम असलं तर चिठ्ठी पाठवायच्या, आणि चिठ्ठीतही आधी ‘कृपया’ असायचं. त्या दिवशी मी उन्हाळी सुट्टीतल्या जादा वर्गात सातवीला भूगोल शिकवत होते, तापीच्या उपनद्या. मदर दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी चौकट धरली. जळगावहून ट्रंककॉल आला होता. “बाई, मोनिका गेली…” एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. फळ्यावर वाघूर, गिरणा, बोरी लिहून झाल्या होत्या. मी पांझरा लिहिली, मुलींना वहीत उतरवून घ्यायला सांगितलं, आणि मगच बाहेर पडले. असं का वागले ते मला अजून कळलेलं नाही. आज पाच आठवडे झाले.

सिस्टर मोनिका म्हणजे धुळ्याच्या आमच्या शाळेला लागून जो मठ आहे, तिथलं स्वयंपाकघर सांभाळणारी सिस्टर. सात जणींतली सगळ्यात कमी शिकलेली, शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातली. बाकीच्या सिस्टर शिकवायच्या, दवाखाना बघायच्या. ही बोर्डिंगच्या साठ मुलींच्या भाकरी थापायची. मी त्यांच्या धर्माची नव्हे. माहेर जळगावचं, सासर धुळ्याचं, घरात देव्हारा, गुरुवारचा उपास. पण मधल्या सुट्टीत माझा डबा त्यांच्याच स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडायचा. अख्ख्या शाळेत मला ‘पाटीलबाई’ न म्हणता ‘आक्का’ म्हणणारी आणि अरेतुरे करणारी ती एकटीच. दुष्काळात रेशनवर तो लाल मिलो मिळायचा, परदेशातून आलेली ज्वारी. आमच्या घरी त्याची भाकरी थापली की तव्यावर पडायच्या आत मोडायची. मी तक्रार केली तर म्हणाली, “तुना हातले घाई शे, आक्का. मिलोले गरम पाणी लागस नि दम लागस.” तिच्या हातची मिलोची भाकरी मऊ असायची. माझ्या तिखट जिभेवर ती मनापासून हसायची, आणि असं हसणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही.

त्याच दुष्काळात, गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर, फादर अंतोन यांना अपघात झाला. फादर मूळचे वसईकडचे, गेली आठ-नऊ वर्षं धुळ्यात. दर आठवड्याला मोटारसायकलवरून खेडोपाडी मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, करायला जायचे. एका मोरीवर समोर अचानक बैलगाडी आली. गाडी वाचवताना हे मोटारसायकलसकट खाली कोरड्या नाल्यात. कमरेचं हाड मोडलं, पाठीच्या मणक्याला मार बसला. इस्पितळातून त्यांना प्लास्टर घालून चर्चमागच्या खोलीत आणून ठेवलं तेव्हा डॉक्टरांनी मदरना बाजूला घेऊन सांगितलं की जीव वाचला यातच समाधान माना, चालण्याचं काही सांगता येत नाही. उणापुरा चाळिशीचा माणूस. माझ्या घरी तर देवाला नारळ बोलून झाला. सिस्टरांनी मात्र नारळ-बिरळ नाही, थेट कामालाच हात घातला.

त्यांनी दिवस वाटून घेतला. पहाटे चॅपल उघडल्यापासून रात्रीची प्रार्थना होईपर्यंत एक क्षणही असा जाऊ द्यायचा नाही की कुणीच गुडघे टेकून फादरांसाठी प्रार्थना करत नाही. एक उठली की दुसरी बसलेली हवी. तासाभराच्या पाळ्या. वर्गातून सुटलेली सिस्टर हातावरचा खडू झटकत चॅपलकडे पळताना मी रोज पाहायची. आणि नाताळला त्यांनी फादरना एक पत्रक द्यायचं ठरवलं. त्याला त्या ‘गुच्छ’ म्हणतात. फुलं नसतात त्यात. कोणी किती जपमाळा म्हटल्या, किती मिस्सा अर्पण केल्या, काय काय सोडलं, ते एका शोभेच्या कागदावर लिहून आजाऱ्याला द्यायचं. त्यानं ते उशाशी ठेवायचं. आपल्यासाठी कुणीतरी हे करतंय, एवढं त्याला कळलं म्हणजे झालं. पण एक नियम होता. कुणी काय अर्पण केलंय त्याबद्दल तिला विचारायचं नाही. ते तिचं आणि देवाचं. विचारलं की दिलेल्याचा दिखावा होतो, असं मदरनी मला समजावून सांगितलं होतं. मला तेव्हा तो नियम फार आवडला होता.

अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. कागद, निळी शाई, कडेला वेलबुट्टी. एकेक सिस्टर येऊन सांगून जायची. कुणी चहा सोडलेला, कुणी साखर, एकीनं दुपारची झोप सोडलेली. सगळ्यात शेवटी मोनिका, पदराला… चुकले, तिला पदर कुठला, एप्रनला हात पुसत. मी म्हटलं, “बोला सिस्टर, किती तास लिहू चॅपलचे?” तिचा चेहरा उतरला. “माले कोठे येळ शे आक्का? मी चॅपलमा बसनू ते बठ्ठा पोरीस्ले भाकरी कोन दी?” मग थोडा वेळ चुलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मनाजोडे दुखणं शे. ते लिखी ले.” तिच्याजवळचं दुखणं म्हणजे मला वाटलं गुडघे असतील, टाचांच्या भेगा असतील, तव्याचे चटके तर रोजचेच. मी हसून विचारलं, “किती वेळा लिहू?” ती पण हसली. “रोज.” मी वळणदार अक्षरात लिहिलं: ‘सिस्टर मोनिका — दुखणं, रोज.’ आणि शाई वाळावी म्हणून वर फुंकर मारली.

फादरना ती ओळ सगळ्यात जास्त आवडली होती. नाताळच्या संध्याकाळी आम्ही सगळ्या त्यांच्या खोलीत उभ्या होतो. त्यांनी पडल्या पडल्या कागद वाचला आणि म्हणाले, “बाकीच्यांनी वेळ दिला. मोनिकानं तर तिची दुखणीसुद्धा मला दिली.” सगळ्या हसल्या. मोनिका लाजून मागे सरकली. मीही हसले, ते मला आता विसरता येत नाही.

त्यानंतर तिचं जेवण कमी झालं. आधी एक भाकरी, मग अर्धी, मग नुसतं ताक. लहान सिस्टर एकमेकींना कौतुकानं सांगायच्या, मोनिका फादरांसाठी उपास करतेय. कुणी तिला आग्रह करायचं नाही, कारण नियमच तसा. तिची गालफडं बसली तर म्हणे किती मोठा त्याग! मी तर नेहमीप्रमाणे चेष्टेवर. “सिस्टर, सगळं फादरना देऊन टाकाल तर भाकरी थापायला हात कुठून आणाल?” ती हसायची. मात्र पूर्वी हसताना मान मागे टाकायची, आता ओट्याला धरून हसायची. हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि डबा धुवायला घेतला. हिंदूंच्या घरात बाई जेवत नसेल तर सासूसुद्धा दोनदा विचारते, निदान टोमणा तरी मारते. मी कसलं मन मोठं करून त्यांचा नियम पाळत बसले होते कोण जाणे. नियम त्यांचा होता, जीभ तर माझी होती!

फादर उभे राहिले ते ईस्टरच्या आधी. प्लास्टर निघालं, मग खोलीत भिंत धरून, मग दोन काठ्यांवर, आणि ईस्टरच्या सकाळी एका काठीवर ते वेदीपर्यंत चालत गेले. डॉक्टरांनाही नवल वाटलं. मी त्या दिवशी मुद्दाम चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले होते. सगळ्या सिस्टर रडत होत्या. मोनिका आत बसलीच नाही, मागच्या दारात उभी राहून बघत होती, आणि मला वाटलं आनंदानं उभी आहे. नंतर कळलं, तिला खाली बसवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे कोसळली. इथल्या डॉक्टरांनी हात लावला आणि तडक जळगावला न्यायला सांगितलं. तिथे पोट उघडलं, आजार सगळीकडे पसरलेला पाहिला आणि तसंच शिवून टाकलं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर माझ्या भावाच्या ओळखीचे. ते मला म्हणाले, “सहा-सात महिने हिला दुखत असणार. कसं सोसलं? आणि तुम्ही एवढ्या बायका एका छताखाली, कुणाला काहीच दिसलं नाही?” दिसलं होतं, डॉक्टर. मी ते चांगल्या अक्षरात लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

फादरना सांगायला मदरना धीर होईना, म्हणून मी गेले. त्यांच्या उशाशी तो कागद अजून होता. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मग डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “बाई, मी हे रोज रात्री वाचायचो. वाचून मला बरं वाटायचं…” आणि ते मुलासारखे रडायला लागले.

रविवारी आम्ही दोघं एसटीनं जळगावला गेलो. अपघातानंतरचा त्यांचा तो पहिला प्रवास, प्रत्येक खड्ड्याला त्यांचे ओठ पांढरे पडत होते. मोनिका खाटेवर एवढीशी झाली होती. पांढऱ्या चादरीत कुणी आहे की नाही कळू नये इतकी. फादर खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “सिस्टर, एकदा तरी सांगायचं होतं.” तिनं माझ्याकडे पाहिलं, जणू मीच तिच्या बाजूनं बोलेन. मग म्हणाली, “देवले दिधेल वस्तू परत कशी लेवानी, आक्का?” मला राग आला. मरणाऱ्या माणसावर, त्याच्या देवावर, सगळ्यांवरच. मी म्हटलं, “तुमच्या देवानं मागितलं होतं का हे?” ती फादरांकडे वळून हळूच म्हणाली, “फादर, मी ते लांबथून दखं. माले एकदाव चाली दखाडा ना.” तिनं त्यांना चालताना लांबूनच पाहिलं होतं, जवळून पाहायचं होतं. फादर उठले. खाटेपासून खिडकीपर्यंत गेले, वळले, परत आले. काठीचा आवाज येत होता आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ती त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हती, नुसती पावलांकडे बघत होती. “आते बरं शे,” म्हणाली आणि डोळे मिटले. त्यानंतर ती अठरा दिवस होती, पण मला तिच्याशी बोलायला मिळालं ते तेवढंच.

तिला धुळ्याला आणून पुरलं. कबरस्तानापर्यंत फादर सगळ्यांच्या मागून चालत आले, कुणाचा हात धरला नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चालणंच सोडलं. मिस्सा खुर्चीत बसून, बाकी वेळ खाटेवर. सिस्टर घाबरून पुन्हा पाळ्या लावायच्या म्हणू लागल्या तेव्हा मात्र माझा संयम सुटला. मी सरळ त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, “फादर, तिनं काय बघायला मागितलं होतं ते विसरलात का? आता तुम्ही पडून राहिलात तर इथे आणखी सहा जणी जेवायच्या बंद होतील.” ते छताकडे बघत म्हणाले, “लोक म्हणतात, तिनं आपला जीव देऊन माझे पाय आणले. तसं म्हणू नका, बाई. देव असे व्यवहार करत नाही. तिला दुखत होतं आणि आपण विचारलं नाही. एवढंच झालं आहे.” मी खोलीचं दार लोटून घरी गेले.

चार दिवसांनी, दुपारच्या मधल्या सुट्टीत, मठाच्या मागच्या अंगणात काठीचा आवाज आला. फादर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. चुलीपाशी आता एक लहान सिस्टर असते, केरळची. त्यांनी तिला नावानं हाक मारली आणि विचारलं, “कुठे दुखतंय का?” ती गोंधळली, मदरकडे बघायला लागली. फादर तसेच उभे. शेवटी तिनं मनगट पुढे केलं. तव्याला लागून फोड आला होता. त्यांनी दवाखान्याच्या सिस्टरला बोलावून तिथल्या तिथे मलम लावून घेतलं. तेव्हापासून हे रोज चाललंय. सगळ्या सिस्टर, भांडी घासणारी बाई, बोर्डिंगच्या पोरी, सगळ्यांना विचारतात. पोरी आधी फिदीफिदी हसल्या, आता रांग लावतात. कुणाचा दात, कुणाचं पोट, कुणाला नुसतीच घरची आठवण. न विचारण्याच्या नियमाचा विषय आता कुणी काढत नाही, मदरसुद्धा नाही.

परवा ते माझ्यासमोर थांबले. मी ओट्याशी डबा घेऊन बसले होते. “आणि बाई, तुम्हाला?” मी म्हटलं, “मला काय धाड भरलीय!” ते हलले नाहीत. त्यांना फार वेळ उभं राहवत नाही, हे मला माहीत आहे. काठीवर भार टाकून ते उभेच राहिले. शेवटी मी डबा उघडून दाखवला. सकाळी भरला होता तसाच होता. मी म्हटलं, “फादर, तिची फार आठवण येते… पाच आठवडे झाले, इथे बसलं की घास उतरत नाही.” त्यांनी मान हलवली. लहान सिस्टरकडून तव्यावरची एक गरम भाकरी मागून घेतली, माझ्या डब्यावर ठेवली, आणि मी ती संपवेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.