सरकलेला रकाना

सीमंतिनी पोतनीस ग्वाल्हेरला एका कुरिअर कंपनीत काम करते. कचेरी नई सडकेवर, दुकानांच्या वरच्या मजल्याला. वय पंचेचाळिशीच्या आसपास, आवाज खणखणीत, आणि तेच ते काम पुन्हा पुन्हा करायचं म्हटलं की कपाळावर आठी. हा सगळा घोटाळा त्या आठीपायीच झाला.

कंपनीनं नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. जुन्यात मोहल्ल्यांची नावं ज्याला जशी सुचली तशी टाइप केलेली. एकटी शिंदे की छावनीच किती तऱ्हांनी! कुठे नुसतं ‘छावनी’, कुठे ‘शिंदे छावणी’, कुठे ‘एस के छावनी’. नव्या सॉफ्टवेअरला अशा प्रत्येक जुन्या नावापुढे एक ठरलेला विभाग हवा होता. तो बघूनच पार्सलवर लेबल छापलं जाणार आणि पार्सल त्या विभागाच्या टेंपोत चढणार. स्क्रीनवर ही जोडणी एकेक करावी लागे. नाव उघडा, विभाग निवडा, सेव्ह करा, पुढचं नाव उघडा. सीमंतिनीनं थोडा वेळ ते केलं आणि उठून मॅनेजरकडे गेली.

“पुष्कर, हे सगळं एकदम नाही का करता येत?”

येत होतं. पूर्ण यादी एक्सेलमध्ये उतरवायची, डाव्या रकान्यातल्या जुन्या नावांपुढे उजवीकडे विभाग भरायचे आणि फाइल परत चढवायची. सीमंतिनी खूश झाली. छावनीची सगळी रूपं फिल्टर लावून एकत्र आणली, वर एकदा विभाग लिहिला आणि माउसनं खालपर्यंत ओढत नेला. तसंच मुरार, हजीरा, कंपू. दुपारी तिनं फाइल पुष्करला बघायला पाठवली. तो मीटिंगमध्ये होता.

निघता निघता तिला वाटलं, नावं वर्णक्रमानं लावली तर जरा नीट दिसतील. तिनं डावा रकाना निवडला. एक्सेलनं चौकट उघडून काहीतरी विचारलं. उजवा रकानाही सोबत हलवू, की निवडलाय तेवढाच? सीमंतिनीनं न वाचताच ‘तेवढाच’वर क्लिक केलं, फाइल चढवली, हिरवी खूण पाहिली आणि भाजी घेत घरी गेली.

सकाळी जयसिंहरावांचा फोन आला. ते छावनीचा टेंपो चालवतात.

“ताई, माझ्या गाडीत मुरारचा माल भरलाय. लेबलवर छावनी, पत्त्यात मुरार. आता मी जाऊ कुठे?”

मग हजीऱ्याच्या टेंपोचा फोन, मग कंपूच्या. सीमंतिनीनं फाइल उघडली. नावं ओळीनं शहाण्यासारखी उभी होती, विभाग मात्र जागचे हलले नव्हते. ज्याच्या त्याच्यापुढे भलताच शेजारी.

ती सरळ पुष्करसमोर जाऊन उभी राहिली. “चूक माझी आहे. एकच रकाना हलला.”

“जुनी फाइल आहे?”

“काल दुपारी तुला पाठवलेली.”

पुष्करनं ती आत्ता पहिल्यांदा उघडली, त्यामुळे तोही फार बोलला नाही. बरोबर फाइल चढवायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. पण शहरभर निघालेली पार्सलं काही त्यासरशी जागेवर येणार नव्हती.

“टेंपो इथे परत बोलावू?” त्यानं विचारलं.

“नई सडकेवर? एक उभा राहिला तरी ट्रॅफिक जाम होईल. फूलबागेकडे बोलाव. मी पण जाते.”

फूलबागेजवळ रस्त्याकडेला टेंपो लागले. सीमंतिनी पदर खोचून मध्ये उभी राहिली, पत्ते मोठ्यानं वाचू लागली, आणि ड्रायव्हर खोकी इकडून तिकडे नेऊ लागले. सगळ्यांत जास्त माल छावनीचा निघाला. ती जयसिंहरावांच्या शेजारी चढून बसली.

“तुम्ही कशाला, ताई? मी करीन न,” ते म्हणाले.

“आज उशिराबद्दल बोलणी मी खाईन. तुम्ही गाडी चालवा.”

छावनीतलं पहिलंच घर विजयाबाईंचं. एकट्या राहणाऱ्या आजी दार उघडं टाकून सकाळपासून खुर्चीत बसल्या होत्या. सीमंतिनीनं उंबऱ्यातूनच सुरुवात केली. नवं सॉफ्टवेअर, चुकलेली फाइल, झालेला त्रास, सगळं मनापासून सांगितलं. आजी हसत मान डोलवत होत्या. इतकी समजूतदार बाई तिनं पाहिली नव्हती.

आजींनी खोकं उघडलं. आत कानाचं मशीन होतं, लेकीनं इंदूरहून पाठवलेलं. सीमंतिनीनं ते त्यांच्या कानात बसवून दिलं.

“हं,” आजी म्हणाल्या, “आता बोल. मघाशी काय सांगत होतीस?”

जयसिंहराव तोंड फिरवून हसू लागले. सीमंतिनीनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

“एवढंच होय? मी तर तुला जनगणनावाली समजले. चहा घेऊन जा.”

माल संध्याकाळपर्यंत पोचला. दोन-चार ठिकाणी बोलणी बसली, ती तिनं ऐकून घेतली. आता ती फाइलची प्रत ठेवल्याशिवाय कशाला हात लावत नाही, आणि एक्सेलनं काही विचारलं तर मोठ्यानं वाचते. कचेरीतली मंडळी हसतात. हसू देत, म्हणते.

मशीनची बॅटरी फारच बारकी आहे, विजयाबाईंना ती बोटांत धरवत नाही. बॅटरी संपत आली की त्या कचेरीत फोन करून ‘ती पोतनीसांची’ मागतात. मग सीमंतिनी जयसिंहरावांच्या टेंपोत बसून छावनीत जाते, बॅटरी बदलते, आणि आजींचं ऐकत बसते.