व्याह्यांची लाथ आणि माझी धोंडशीर

माझ्या होणाऱ्या व्याह्यांनी भर पंगतीत मला मागून लाथ मारली, असा आरोप मी केला होता. तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो आणि पंगतीला पन्नासेक माणसं होती.

आम्ही औरादचे. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवतो आणि कुठला शब्द कुठून आला हे शोधायचा मला नाद आहे. (माझी बायको सुलोचना याला नाद म्हणत नाही, खोड म्हणते.) आमच्या रेवतीचं लग्न मादन हिप्परग्याच्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. मुलगा कलबुर्गीत इंजिनिअर. रेवतीला तो मनापासून आवडला होता. रीतीप्रमाणे मुलीकडच्यांनी जाऊन मुलाचं घर बघायचं, तिथं जेवायचं आणि निघताना होकार द्यायचा, एवढंच राहिलं होतं. आम्ही घरून निघताना रेवतीनं बजावलं, "बाबा, आज फक्त जेवा. कुणाला शब्द शिकवू नका. माझं लग्न मोडेल."

मुलाचे वडील माणिकअप्पा. उंच, काटक शेतकरी. डोक्याला पांढरा फेटा, बोलणं मोजकं. त्यांनी स्वतः वाढायला घेतलं. हुग्गी होती, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, आणि वर तुपाची धार. पहिल्या दोन वाट्या मी आनंदानं खाल्ल्या, तिसरी भिडेखातर आणि चौथी रेवतीच्या संसारासाठी. पाचव्यांदा अप्पा बादली घेऊन माझ्यासमोर उभे राहिले तेव्हा मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"अप्पा, बास. आता न्हाई जात."

"एवढ्यानं काय व्हतंय गुरुजी? घ्या."

"शुगर हाय मला."

"गूळ हाय ह्यो. साखर कुटं हाय ह्याच्यात?"

या युक्तिवादापुढं डॉक्टरही हरले असते. आमच्या भागात अशा वेळी पाहुणा ताट सोडून पळतो आणि यजमान बादली घेऊन त्याच्या मागं धावतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट यजमान जितका लांब धावला तितका पाहुण्याचा मान मोठा. मीही मान मिळवायला उठलो. तासभर मांडी घालून बसलेल्या, छप्पन्न वर्षांच्या आणि वर्गाबाहेर कधीही न धावलेल्या माणसानं जसं उठू नये, नेमका तसा उठलो आणि उजव्या पायावर जोर देऊन दाराकडं झेप घेतली.

टक्! टाचेच्या वर कुणीतरी सणसणीत लाथ घातली! मी आडवा झालो. वळून पाहिलं तर मागं एकच माणूस, हातात बादली.

"अप्पा," मी ओरडलो, "लाथ कामून मारलात?"

पंगतीतल्या सगळ्या माना वळल्या. सुलोचनानं डोळे मिटून घेतले. अप्पांचा धाकटा भाऊ तावातावानं पुढं आला.

"काय बोलायलाव गुरुजी? आमचा अण्णा पावन्याला लाथ मारंल व्हय?"

अप्पांनी हातानंच त्याला थांबवलं. बादली खाली ठेवली आणि सगळ्या भावकीसमोर मला हात जोडले.

"लागला असंल माझा पाय. चुकी झाली गुरुजी. माफी असावी."

मग ते माझ्याजवळ खाली बसले. त्यांनी माझी डावी पोटरी दाबली. डावं पाऊल हललं. उजवी पोटरी दाबली; उजवं पाऊल जागचं हललं नाही.

"टाचंवरची धोंडशीर तुटली," ते म्हणाले.

तो शब्द कानावर पडला आणि मी दुखणं विसरलो. (खोड!)

"धोंडशीर! वा! पण अप्पा, ही शीर न्हवंच. शीर म्हंजे रक्ताची. ही कंडरा, मांस हाडाला बांधणारी दोरी. जुन्या वैद्यकात कंडरा सोळा सांगितल्यात..."

"अवो, गप्प बसायचं काय घ्याल?" सुलोचना म्हणाली.

अप्पांनी स्वतःचा फेटा सोडला आणि पावलाची बोटं खाली वळवून माझा पाय पोटरीपर्यंत आवळून बांधला. विळा लागून बैलाची शीर तुटली की असंच बांधतात म्हणे. मग त्यांनी मला उचलून जीपमध्ये ठेवलं, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि कलबुर्गीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला तो दोन्ही हातांनी तोलून धरला.

तेवढ्या वाटेत मी त्यांना सांगितलं की संस्कृतात स्नायू म्हणजे हीच दोरी, मराठीत मात्र तो शब्द मांसावर जाऊन बसला. ग्रीक लोकांचंही तसंच. त्यांचा 'न्यूरॉन' हा दोरीचा शब्द घसरला आणि मेंदूच्या तारांना चिकटला. टेंडन हा शब्द ताणण्यावरून आला. ज्यांच्यावर लाथेचा आळ घेतला, त्यांच्याच मांडीवर पाय ठेवून मी हे शिकवत होतो. अप्पा भक्तीनं "व्हय, व्हय" म्हणत होते.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं फेटा सोडला आणि अप्पांसारखीच पोटरी दाबली.

"अकिलीस टेंडन तुटलाय. कन्नडमध्ये आम्ही स्नायुरज्जू म्हणतो. हे बांधलं कुणी? छान बांधलंय. बरं, तुटलं तेव्हा मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं?"

मी छताकडं बघितलं.

"वाटलं," सुलोचना म्हणाली. "नाव घेऊन वाटलं."

"सगळ्यांनाच वाटतं. वळून बघतात, तर मागं कुणी नसतं."

माझ्या मागं मात्र नेमके व्याही होते. तो ग्रीक वीर अकिलीस, त्याची टाच धरून त्याला नदीत बुडवणारी आई, कोरडी राहिल्यामुळं कच्ची उरलेली ती टाच, हे सगळं मी वर्षानुवर्षं वर्गात रंगवून सांगितलं होतं. स्वतःची टाच मात्र मला ओळखता आली नाही. ती ओळखली गुडघे टेकून बसलेल्या अप्पांनी. मला फार लाज वाटली.

"अप्पा, तुमचा पाय लागला न्हाई हे तुम्हाला ठाऊक व्हतं. मग माफी कामून मागितलीत?"

"पावना आमच्या घरात पडला गुरुजी. लाथंनं पडला काय आन् शिरंनं पडला काय, पडला तर आमच्याच घरात न्हवं?"

एवढा मोठा माणूस मी जवळून पाहिला नव्हता. डोळे पुसतोय तोच रेवतीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही माझ्या सासऱ्यांवर लाथेचा आळ घेतलात?"

"सासरे" हा शब्द तिनं असा ठणकावून उच्चारला की मी त्याची व्युत्पत्ती काढायला गेलो नाही. फोन ठेवून अप्पांना म्हणालो, "आमचा होकार हाय. तुमचा?"

"तुमची हुग्गी ऱ्हायलीय की," अप्पा म्हणाले. "ती खायाला तर यावंच लागंल."

चार महिन्यांनी लग्न झालं. मी काठी टेकत हिंडत होतो. व्याहीभेटीत अप्पांनी मला कडकडून मिठी मारली आणि माझ्या पायाला धक्का लागू दिला नाही. मग फोटोसाठी दोन्ही घरची माणसं उभी राहिली.

"अप्पा, तुमी उंच हाव. माझ्या मागं उभारा," मी म्हणालो.

"न्हाई गुरुजी," अप्पा शांतपणे म्हणाले. "दुसरं काय बी सांगा. तुमच्या मागं म्या उभारणार न्हाई."

त्यामुळं रेवतीच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत पुढं अप्पा दिसतात. त्यांच्या खांद्यामागं फेट्याचा जो एवढासा तुरा दिसतो, तो मी.