स्टीलचा चमचा

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या लॅबमध्ये नमुना घ्यायला कुणी धातूचा चमचा उचलला, की लॅबप्रमुख हेमांगीकाकू त्याची खरडपट्टी काढत. लोखंडाचा कण जरी मिसळला तरी चुंबकीय मापन बिघडतं, म्हणून सगळ्यांना प्लास्टिकचा चमचा. स्वतः मात्र त्या नागपूरहून आणलेला जुना स्टीलचा चमचाच वापरत. त्यांचा हात बसला होता ना त्यावर.

त्यांच्या हाताखालच्या सियाने निकेलचं लाल संयुग बनवलं. निकेलभोवतीचे चार अणू एकाच पातळीत बसले, तर चुंबक त्याला ओढत नाही. काकूंनी मापलं, तर ओढत होता. "रचनाच जमलेली नाही. कामात लक्ष नसलं की असंच होतं," त्या भर मीटिंगमध्ये म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात चमचा धुताना काकूंना त्याची झिजलेली, खरवडलेली कड दिसली. त्यांनी प्लास्टिकच्या चमच्याने पुन्हा मापलं. चुंबक ढिम्म.

संध्याकाळी, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, त्यांनी सियाला पार्किंग लॉटमध्ये गाठलं. "चूक माझी होती गं. माझ्या चमच्याची."

"आय नो, काकू. मी तेव्हाच पाहिला होता," सिया म्हणाली. "पण तुम्हाला सगळ्यांसमोर कसं बोलणार?"