ठिपक्याभोवतीचं धुकं

रेवसच्या धक्क्यावर तिकिटं फाडणारा अनंता राऊत आधी अलिबागच्या एका फोटो स्टुडिओत होता. लग्नाच्या मुलींचे फोटो त्याच्या हाताखालून जात. बारीक ब्रश घेऊन तो चेहऱ्यावरचे देवीचे व्रण बुजवायचा. मुलीच फोटो बघून म्हणायच्या, "ही मी न्हाय बा." शाळा सातवीत सुटलेली. हात मात्र असा, की डाग कुठे होता ते नंतर त्यालाही सापडत नसे. एकोणीसशे एकोणसाठ साली त्यानं ब्रश कायमचा खाली ठेवला.

त्याआधी वर्षभर तो दर रविवारी सायकलनं नागावला चौलकर सरांकडे जाई. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. नारळीच्या वाडीतल्या पत्र्याच्या खोलीत त्यांची दुर्बीण होती, तिला कॅमेरा जोडलेला. आकाशात काहीतरी नवं सापडावं म्हणून बारा वर्षं ते फिल्मऐवजी मसाला लावलेल्या काचांवर ताऱ्यांचे फोटो घेत होते. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. काचा औषधात धुणं, त्यांवरून मोठे फोटो छापणं अनंताकडे आलं.

"फक्त छापायचं," सरांनी बजावलं होतं. "आकाशाचं लग्न जमवायचं नाहीये आपल्याला."

दोन दिवसांच्या अंतरानं घेतलेल्या दोन काचांवर एक ठिपका जागचा हललेला होता. तो अनंतालाच दिसला. सरांनी त्याचा हात धरून ठेवला. "डोळे तुझे. नाव दोघांचं लावू."

अनंतानं फोटो छापले. ठिपक्याभोवती करडं धुकं होतं. काच धुताना औषधाचा डाग राहिला असेल, असं त्याला वाटलं. फोटो मोठ्या वेधशाळेत जायचे होते, स्वच्छ असायला हवे होते. ब्रश आपोआप फिरला, धुकं बुजलं.

सरांनी भिंग लावून फोटो पाहिले. "नुसता ठिपका. लघुग्रह." सोमवारी पत्र टपालात पडलं.

पुढच्या रविवारी चहा पिताना सर सहज म्हणाले, "धूमकेतू असता तर भोवती धूसर दिसलं असतं. मग तारच केली असती; आधी कळवेल त्याचं नाव लागतं. लघुग्रह काय, शेकड्यांनी आहेत."

अनंताच्या हातातला कप तसाच राहिला.

सर झाडांना पाणी सोडायला वाडीत गेल्यावर त्यानं दोन्ही काचा खिडकीशी धरल्या. पहिल्या काचेवर ठिपक्याभोवती धुकं होतं. दुसऱ्या काचेवर ठिपका पुढे सरकला होता, आणि धुकं त्याच्याबरोबर गेलं होतं. डाग असा चालत नाही. डाग त्यानं जन्मभर पाहिले होते.

काचा त्यानं जागेवर ठेवल्या. सर परत यायच्या आत सायकल काढली.

"म्हावरा पण जात न्हाय घशाखाली?" घरी बायकोनं, केसरनं, ताटातल्या माशाकडे बघत विचारलं. "कोनाशी भांडलाव काय?"

"न्हाय गं."

"मंग सुतकी तोंड कशापायी?"

पुढच्या रविवारी सांगायचं त्यानं ठरवलं. त्या रविवारी सरांनी शेजारच्या बाळाजी मास्तरांना बोलावून घेतलं होतं. "हे माझे डोळे," ते अनंताच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. सांगायचं पुन्हा राहून गेलं.

मंगळवारी स्टुडिओतून अर्ध्यावर उठून तो नागावला गेला आणि सांगून टाकलं. सरांनी खुंटीवरची टोपी घेतली. त्याच्या सायकलच्या मागे बसून ते तार करायला गेले.

तिसऱ्या दिवशी वेधशाळेचं उत्तर आलं. धूमकेतूच होता. पण परदेशातल्या एकानं गेल्या शुक्रवारीच कळवला होता, त्याचं नाव लागलं होतं. तुमच्या काचा सर्वांत जुन्या आहेत, मोजमापं पाठवा, एवढंच मागितलं होतं.

"तुला कधी कळलं होतं?" सरांनी विचारलं.

मंगळवारीच, असं म्हणता आलं असतं.

"तुम्ही धूमकेतूचं बोललात त्याच रविवारी, सर. तुम्ही वाडीत गेलात तेव्हा."

 सरांनी वही ओढली. "भिंग घे. ठिपका मोजपट्टीनं मोज, आकडे वाच. मला दिसत नाहीत."

अनंता काचेवर वाकला आणि वाचू लागला. सर लिहू लागले. प्रत्येक आकडा त्यांनी दोनदा विचारला. याआधी त्यांनी कधी दोनदा विचारलं नव्हतं.

अनंता गेल्यावर त्यांनी बाळाजी मास्तरांकडून तेच आकडे पुन्हा वाचून घेतले. सगळे बरोबर निघाले. पुढच्या रविवारपासून काचा धुवायला बाळाजी मास्तर येऊ लागले.